आस मोडला, दोष कोणाचा?

मोटार सरकारी तपासणीसाठी न्यावयाची झाली म्हणजे आपल्याकडे ‘गाडी पासिंगला न्यायची आहे’ असे म्हणतात. कोल्हापूर, सातारा, नाशिक, कोठेही गेले तरी हाच शब्द कानी पडतो. येथे बंगळुरात त्याच गोष्टीला ‘एफ. सी.’ म्हणतात, आणि ती जेथे होते त्या कार्यालयाला कन्नडात ‘सारिगे कचेरी’ असे नाव आहे. सारिगे म्हणजे वाहतूक. कचेरी तर आपलीच! परप्रांतात बदली होऊन आलेल्या माणसाला एखादा ओळखीचा शब्द असा अवचित भेटला की थोडा धीर येतो. मला तो त्या दिवसांत हवाच होता. कारण ज्या गाडीची तपासणी व्हावयाची होती ती माझ्या वडिलांची १९९५ सालची प्रीमियर पद्मिनी. डिसेंबर २०२५ मध्ये तिला तीस वर्षे पुरी होऊन नोंदणीची मुदत पुन्हा एकदा संपत होती.

प्रस्तुत लेखाचा विषय ही गाडी नव्हे. गाडी तपासणीसाठी सिद्ध करीत असताना जो प्रश्न मनात उभा राहिला, त्याचा इतिहास थोडक्यात मांडावा एवढाच हेतू आहे. वाहन रस्त्यावर आणण्याजोगे आहे की नाही हे पाहण्याचा अधिकार सरकारला कोणी दिला, केव्हा दिला, आणि तो मुळात कोणाच्या रक्षणासाठी? आपणांपैकी बहुतेकांच्या दारी आज लहानमोठे वाहन आहे, आणि बदलीच्या निमित्ताने ते एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्याचा सोहळाही पुष्कळांनी अनुभवला आहे. म्हणून हा प्रश्न केवळ कायदेपंडितांचा राहत नाही.

आरंभ मात्र गाडीपासूनच करावा लागतो. तपासणीच्या आधी तीन आठवडे मी ती शिवाजीनगरातील एका जुन्या कारागिराकडे नेली. शिवाजीनगर या नावाने कोणी हुरळून जाऊ नये; त्या वस्तीची बोली दखनी आहे आणि तेथील ‘गुजरी’ मोडक्या सामानासाठी प्रसिद्ध आहे. कोल्हापूरकराला गुजरी म्हटले की सराफांची गल्ली आठवते. येथे गुजरी म्हणजे भंगार. पद्मिनीचे सुटे भाग आता नव्या दुकानांत सहसा मिळत नाहीत, ते या गुजरीत मिळतात. तेव्हा माझ्यासारख्याच्या लेखी दोन्ही अर्थ एकच म्हणावयास हरकत नाही.

मी उस्तादांसमोर यादी ठेवली: दिवे, भोंगा, वायपर, वळण्याचे इशारे, धुराची तपासणी, नवी सुरक्षित नंबरपाटी, चॅसिसवरील क्रमांकाचा पेन्सिलीने घ्यावयाचा ठसा. उस्तादांनी यादी पाहिलीच नाही. ते गाडीत बसले, गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आले आणि म्हणाले, “ब्रेक दो बार दबाते क्या साब?” मी म्हटले, हो, पहिल्याने पेडल थोडे खाली जाते, दुसऱ्याने बरोबर लागते, मला सवय झाली आहे. त्यावर त्यांनी एवढेच विचारले, “तुमना आदत है साब. सामनेवाले कू क्या मालूम?”

गाडी वर उचलल्यावर पुढच्या चाकांकडे ब्रेकचे तेल नेणाऱ्या दोन्ही रबरी नळ्या दिसल्या. त्यांना बारीक तडे गेले होते आणि एकीवर फुगवटा आला होता. त्याच गाडीतून मी दोन वर्षे मुलांना शाळेत पोहोचवीत होतो. माझ्या यादीत ब्रेक नव्हते असे नाही. परंतु ते ‘लागतात’ म्हणून त्यापुढे मी खूण करून ठेवली होती. एखादे दिवशी ती नळी फुटली असती आणि समोर कोणी असते, तर दोष कोणाचा ठरला असता? नळीचा, की माझा?

हा प्रश्न फार जुना आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात वाहनांच्या अपघातांविषयी पाचसहा श्लोकांचा एक गट आहे. वाहन, सारथी आणि वाहनाचा मालक या तिघांना दंड माफ होण्याचे दहा प्रसंग तेथे मोजून दिले आहेत. बैलाची वेसण तुटली, जू मोडले, गाडी आडवी गेली किंवा मागे सरली, आस मोडला, चाक मोडले, चामड्याची बंधने, जोते किंवा लगाम तुटले, अथवा हाकणाऱ्याने ‘दूर हो’ म्हणून ओरडून सांगितले असले, तर दंड नाही. उलट सारथ्याच्या अकौशल्यामुळे गाडी वाटेवरून ढळून हानी झाली तर मालकाला दोनशे पण दंड आहे. आणि सारथी अकुशल असेल तर गाडीत बसलेल्या प्रत्येकाला शंभर पण! अडाणी माणसाच्या हाती लगाम दिलेला पाहूनही जो गाडीत बसला तो निर्दोष कसा, हा विचार त्यामागे असावा. आजही तो ध्यानात घेण्यासारखा आहे.

परंतु या यादीत एक प्रश्न कोठेच नाही. आस मोडला तो का मोडला? त्याला शेवटचे वंगण कधी दिले होते? लाकूड किडले होते काय, आणि ते मालकाने पाहिले होते काय? स्मृतिकारांच्या दृष्टीने मोडणे ही वस्तूची करणी होती. माणसाचा दोष हाकण्यात, राखण्यात नव्हे. पुढील इतिहास एका वाक्यात सांगावयाचा तर असा, की जी गोष्ट स्मृतीत सबब होती ती हळूहळू सबब राहिली नाही. या प्रवासाला फार शतके लागली. त्यातला निर्णायक भाग मात्र गेल्या दीडशेपावणेदोनशे वर्षांतला आहे.

या बदलाचा आरंभ रस्त्यावर झाला नाही, तो बाष्पपात्रापाशी झाला. १८६३ साली कलकत्त्यात एका बॉयलरचा भीषण स्फोट होऊन माणसे दगावली आणि पुढच्याच वर्षी, १८६४ मध्ये, बंगालमध्ये बॉयलरच्या तपासणीचा कायदा झाला. हिंदुस्थानातील या प्रकारचा तो पहिला. जर्मनीत १८६५ साली मानहाइम येथील मद्याच्या कारखान्यात असाच स्फोट झाला आणि १८६६ मध्ये तेथील बॉयलरमालकांनी आपण होऊन तपासणीसाठी संघ स्थापन केला. अशाच संघांतून पुढे ‘ट्युफ’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तपासणी संस्था निघाल्या, आणि आज जर्मनीतील मोटारींची परीक्षा त्याही घेतात. बॉयलर पाहणाऱ्याच्या हाती मोटार जावी यात आश्चर्य नाही. दोन्ही ठिकाणी वस्तू एकाच्या मालकीची असते आणि ती फुटली तर मरणारा बहुधा दुसराच असतो.

रस्त्यावरील कायद्याने प्रथम भाड्याच्या वाहनाकडे पाहिले. १८६१ च्या स्टेज कॅरेज कायद्याप्रमाणे भाड्याने उतारू नेणाऱ्या घोडागाडीस मॅजिस्ट्रेटचा परवाना आवश्यक झाला, आणि गाडी निकामी किंवा धोक्याची वाटल्यास परवाना नाकारण्याची मुभा मॅजिस्ट्रेटला मिळाली. मुंबई शहरासाठी १८६३ मध्ये सार्वजनिक वाहनांचा वेगळा कायदा होता. १८७९ च्या हॅकनी कॅरेज कायद्याने गावोगावच्या नगरपालिकांना भाड्याच्या गाड्या, त्यांची जनावरे आणि साज कोणत्या स्थितीत असावा याचे नियम करू दिले. आपल्याकडील टांगा आणि बंगळूरकडील जटका यांच्या पाठीवरील क्रमांकाची पत्री याच विचाराची संतती होय.

खाजगी बग्गीची मात्र कोणी तपासणी केली नाही. यामागील तर्क साधा होता. भाड्याच्या गाडीत बसणाऱ्याला आस तपासून पाहण्याची सवड नसते आणि ज्ञानही नसते. त्याच्या वतीने सरकारने पाहावे. खाजगी गाडीत मालक स्वतःच बसतो; त्याला आपला जीव प्यारा असल्याने तो आपली गाडी नीट ठेवीलच. म्हणजे कायद्याच्या डोळ्यांपुढे दोनच माणसे होती: मालक आणि उतारू. रस्त्याच्या कडेने चालणारा तिसरा माणूस अजून त्याला दिसला नव्हता.

तो दिसावयास मोटार यावी लागली. १७ ऑगस्ट १८९६ रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आवारात ब्रिजेट ड्रिस्कॉल नावाची एक स्त्री मोटारीखाली सापडून मरण पावली. इंग्लंडमध्ये मोटारीने पादचारी ठार झाल्याची ही पहिली नोंद. चालकाने चौकशीत सांगितले, की आपण घंटा वाजविली होती आणि बाजूला होण्यासाठी ओरडलो होतो. मनूच्या यादीतील दहावी सबब ती हीच! पंचांनी अपघाती मृत्यू असा निर्णय दिला. दोन हजार वर्षांच्या अंतरावरील दोन न्यायसभा ‘ओरडले म्हणजे सुटले’ या एका मुद्द्यावर जवळजवळ एकाच ठिकाणी येऊन थांबल्या, ही गोष्ट मला मोठी बोलकी वाटते.

आपल्याकडे मुंबईत मोटारी १८९८ च्या सुमारास आल्या. सबंध देशासाठी मोटारींचा पहिला कायदा १९१४ चा. त्यात नोंदणी आणि चालकाचा परवाना या दोन गोष्टी मुख्य होत्या. खरी चौकट उभी राहिली ती १९३९ च्या कायद्याने. त्याच्या ३८ व्या कलमात भाड्याने माणसे किंवा माल नेणाऱ्या प्रत्येक वाहनाला योग्यतेचा दाखला आवश्यक ठरला; दाखला नसेल तर नोंदणीच वैध मानावयाची नाही, इतकी कडक त्याची भाषा होती. मैसूर हे त्या वेळी संस्थान असल्यामुळे येथे तो कायदा स्वातंत्र्यानंतर लागू झाला. १९४८ साली १ जून रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर आपली एस. टी. धावली आणि त्याच वर्षी १२ सप्टेंबरला मैसूर सरकारचे वाहतूक खाते १२० गाड्यांनिशी सुरू झाले. आता सरकार स्वतःच गाडीवान झाले; तपासणारा आणि तपासला जाणारा एकाच छत्राखाली आले.

१९३९ च्या कायद्यातच एक प्रकरण होते, त्याची अंमलबजावणी युद्धामुळे लांबून १ जुलै १९४६ पासून झाली. ते आठवे प्रकरण, सक्तीच्या विम्याचे. विमा उतरवावयाचा तो मालकाचा नव्हे, गाडीचा नव्हे, तर ‘तृतीय पक्षा’चा. ज्याचे नाव विम्याच्या कागदावर नाही, जो कोण असेल हे कोणालाच ठाऊक नाही, त्याच्यासाठी पैसे भरावयाचे! आपण दरवर्षी हा हप्ता भरतो आणि कपाळाला आठ्या घालतो. परंतु आमच्या कायद्याच्या इतिहासात रस्त्यावरील अनोळखी माणसाला प्रथम स्थान मिळाले ते या रूक्ष शब्दांत. उस्तादांचा ‘सामनेवाला’ तो हाच.

तरीही खाजगी मोटारीच्या तपासणीच्या बाबतीत जुनाच समज पुढे चालू राहिला. त्याचे एक कारण आपल्या मोटारधंद्याच्या इतिहासात असावे असे मला वाटते. बंगळुरात राहणाऱ्या मराठी माणसाने तो इतिहास अवश्य जाणून घ्यावा. पुण्याच्या कॉलेजात शिकलेल्या आणि मुंबई इलाख्यात नोकरीची उमेद घालविलेल्या विश्वेश्वरय्यांनी १९३५ साली युरोप-अमेरिकेचा दौरा करून हिंदी मोटार कारखान्याची योजना आखली. ती उचलून धरली सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी. प्रथम मुंबई सरकारशी आणि पुढे मैसूर दरबाराशी बोलणी झाली. अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीशी संधान बांधले गेले. कारखाना बंगळुरास निघावा असा घाट होता. हिंदुस्थान सरकारने अनुकूलता दाखविली नाही. १९४० च्या डिसेंबरात वालचंदांनी बंगळुरात कारखाना काढला खरा, पण तो विमानांचा: हिंदुस्थान एअरक्राफ्ट. मोटारीसाठी त्यांची प्रीमियर कंपनी १९४४ साली स्थापन झाली आणि कारखाना उभा राहिला मुंबईस कुर्ल्याला. तेथेच फियाटच्या परवान्याने तयार होऊ लागलेली गाडी १९७४ च्या सुमारास पद्मिनी झाली. जी मोटार येथे जन्मास यावयाची ती कुर्ल्यास जन्मली, आणि तिची एक लेक कोल्हापूरमार्गे माझ्याबरोबर पुन्हा येथे आली आहे!

असो. सांगावयाचे तात्पर्य असे, की परवान्यांच्या त्या युगात मोटार मिळण्यास वर्षानुवर्षे नाव नोंदवून थांबावे लागे. मिळालेली मोटार जन्माची आणि पुढे मुलाची. अशा वस्तूची मालक काळजी घेणारच हा समज त्या काळात पुष्कळसा खरा होता. माझे वडील माध्यमिक शाळेत शिक्षक होते. प्रत्येक रविवारी गाडीचे तोंड उघडून तासभर बसत, आणि हातमोज्यांच्या कप्प्यात एक वही ठेवीत. तेल केव्हा बदलले, टायर केव्हा फिरविले, किती मैल झाले, सर्व तीत असे. गाडीचे घड्याळ किलोमीटरचे असूनही ते मैल लिहीत.

आजचा १९८८ चा कायदाही हाच भेद पाळतो. भाड्याच्या वाहनाला नवेपणाची दोन वर्षे सोडली तर आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी तपासणीस जावे लागते. खाजगी मोटारीची नोंदणी मात्र एकदम पंधरा वर्षांची. त्यानंतर पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. धुराचा दाखला अधूनमधून घ्यावा लागतो, पण धूर पाहणारा ब्रेक पाहत नाही. म्हणजे माझ्या शेजारच्या टॅक्सीवाल्याची गाडी वर्षातून एकदा कोणीतरी वर उचलून पाहतो. माझी मी पाहीन या भरवशावर पाच वर्षे सोडून दिलेली असते.

इंग्लंडने हा भरवसा १९६० मध्ये सोडला. तोपर्यंत तेथेही खाजगी मोटारीस कोणी विचारीत नसे. त्या वर्षाच्या सप्टेंबरात दहा वर्षांहून जुन्या प्रत्येक मोटारीची ब्रेक, दिवे आणि सुकाणू यांची वार्षिक परीक्षा सुरू झाली. आरंभी नापास होणाऱ्या गाड्या इतक्या निघाल्या की १९६१ अखेरीस दहा वर्षांची मर्यादा सातांवर आणि १९६७ मध्ये तिनांवर आणावी लागली. आपली गाडी नीट आहे असे समजूनच त्या मालकांनी ती नेली असणार. त्यांना फसविले ते सवयीने. वर्षभर हळूहळू ढिला होणारा ब्रेक रोज दाबणाऱ्याच्या पायाला कळत नाही. पायही त्याच्याबरोबर हळूहळू अधिक दाबावयास शिकतो.

आपल्याकडे कायद्याच्या पुस्तकाआधी न्यायालये जागी झाली. यंत्र बिघडले ही सबब कितपत चालावी याविषयी सर्वोच्च न्यायालयाने १९७७ च्या एका निकालात सांगितले, की दोष लपलेला होता आणि वाजवी काळजी घेऊनही तो आढळण्याजोगा नव्हता हे मालकाने दाखविले पाहिजे. म्हणजे ‘आस मोडला’ एवढे म्हणून भागत नाही. ‘मी तो पाहिला होता’ हेही सिद्ध करावे लागते. १९८२ मध्ये कायद्यात नवे कलम येऊन, दोष कोणाचा हे न पाहता मृताच्या वारसांना १५,००० रुपये आणि कायमच्या अपंगत्वास ७,५०० रुपये देण्याची व्यवस्था झाली. आणि २००१ साली एक प्रकरण त्याच न्यायालयापुढे आले: जीपगाडीचे पुढचे टायर फुटले, ती उलटली आणि रस्त्याने चालणारा एक मनुष्य मरण पावला. चालकाची हयगय सिद्ध झाली नव्हती. तरीही धोक्याची वस्तू रस्त्यावर आणणाऱ्याने तिच्यामुळे झालेल्या हानीची भरपाई केली पाहिजे, असे न्यायालयाने ठरविले. चाक मोडल्यास दंड नाही, येथपासून चाक मोडले तरी भरपाई आहे, येथपर्यंतची ही वाट. दंड आणि भरपाई या दोन भिन्न गोष्टी आहेत हे मी जाणतो. परंतु मेलेल्या माणसाच्या घरच्यांना ‘वस्तूची करणी’ म्हणून परत पाठविण्याचे दिवस संपले, हा त्यातील मोठा अर्थ.

तपासणी खरी व्हावी यासाठीही न्यायालयाचेच दार ठोठवावे लागले. पुण्यातील एका नागरिकाच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये असा आदेश दिला, की वाहनांचे ब्रेक तपासण्यासाठी परिवहन कार्यालयांजवळ २५० मीटर लांबीची धावपट्टी असली पाहिजे. गाडी उभी ठेवून ब्रेक कळत नाही ही गोष्ट लहान मुलालाही समजेल. ती समजावयास पंचाहत्तर वर्षे लागली. पुढे २०२१ साली केंद्र सरकारने स्वयंचलित तपासणी केंद्रांचे नियम केले. तेथे चाके रुळांवर फिरवून ब्रेकचा जोर यंत्राने मोजतात, दिव्याचा झोत मोजतात, सुकाणूची ढिलाई मोजतात. शुल्कही वाढले. पंधरा वर्षांवरील मोटारीच्या नूतनीकरणाला एप्रिल २०२२ पर्यंत ६०० रुपये पडत, त्याचे ५,००० झाले आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरील मोटारीस १०,०००. आम्हा कारकुनांना हा आकडा जड जातो, आणि तो जड जावा हाच हेतू आहे हे उघड आहे. जुन्या गाड्या रस्त्यावरून जाव्यात अशी सरकारची इच्छा आहे. मुंबईच्या काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सी तर वयोमर्यादेमुळे ऑक्टोबर २०२३ मध्ये निघूनच गेल्या.

हे सर्व वाचून कोणी म्हणेल, की यंत्रे आली, शुल्क वाढले, आता प्रश्न सुटला. मला तसे वाटत नाही. टॅक्सीवाल्यांत एक गोष्ट सर्वत्र सांगितली जाते, ती उसन्या टायरांची: तपासणीच्या दिवशी चांगले टायर भाड्याने आणावयाचे आणि संध्याकाळी परत करावयाचे. धुराच्या चाचणीपूर्वी कार्बुरेटरचा स्क्रू अर्धा फेरा कसून घ्यावयाचा म्हणजे कार्बन मोनॉक्साइड ३ टक्क्यांच्या आत येतो, आणि बाहेर पडताच गाडी ओढत नाही म्हणून तो पुन्हा सैल करावयाचा, ही तर खाजगी मोटारवाल्यांनाही अवगत असलेली विद्या आहे. अशा माणसाने तपासणीची तयारी केली, रस्त्याची केली नाही. दाखल्यावर मुदत वर्षाची किंवा पाच वर्षांची असते. वास्तविक तो एका दिवसाचा असतो. त्या दिवशी, त्या घटकेला गाडी अशी होती, एवढेच कोणताही निरीक्षक किंवा कोणतेही यंत्र सांगू शकते. उरलेल्या दिवसांचा दाखला मालकानेच द्यावयाचा असतो, आणि तो कोणी मागत नाही.

२०२२ साली या देशात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत ३२,८२५ पायी चालणारी होती. त्यांतील किती जणांना एखाद्याच्या तडा गेलेल्या नळीने मारले, हे या आकड्यांवरून कळत नाही. मात्र एक कोटीहून अधिक वाहने नोंदलेल्या या बंगळुरात रोज सकाळी शाळेच्या फाटकासमोर रस्ता ओलांडणारी मुले पाहिली, की माझ्या पायाला झालेली ती ‘दोनदा दाबण्याची’ सवय आठवते. त्या मुलांना पहिल्या दाबाची आणि दुसऱ्याची वार्ता नसते. समोरून येणारी गाडी थांबेल, असे ती धरून चालतात.

तपासणी यथाकाल झाली. निरीक्षकांनी चॅसिसचा क्रमांक ताडून पाहिला, दिवे, भोंगा आणि इशारे पाहिले, गाडी चालवून ब्रेक दाबावयास सांगितले. पहिल्याच दाबाला गाडी जागच्या जागी उभी राहिली. नळ्या नव्या, चाकांतील सिलिंडरांचे रबर नवे, तेल नवे. त्यासाठी उस्ताद दोन दिवस गुजरीत हिंडले होते. निरीक्षकांनी बाहेर येऊन गाडीकडे एकदा नीट पाहिले आणि कन्नडात विचारले, कोणी सांभाळली? मी वडिलांचे नाव सांगितले. स्वतःचे सांगण्याचा धीर झाला नाही.

त्याला कारण होते. नळ्या बदलल्या त्या संध्याकाळी, सवयीने नव्हे तर काहीशा अपराधी मनाने, मी कप्प्यातील ती वही काढली. गाडी माझ्या ताब्यात आल्यापासून सात वर्षे ती तेथेच होती. मी कधी उघडली नव्हती. वडिलांची शेवटची नोंद २०१६ सालची आहे. टायर, तेल, बॅटरी यांच्या नोंदींखाली त्यांच्या वळणदार अक्षरात एक ओळ आहे: पुढील ब्रेकच्या रबरी नळ्या बदलल्या, पाच वर्षांनी पुन्हा पाहाव्यात. पाच वर्षे २०२१ मध्येच संपली होती. सरकारने मला आठवण केली ती २०२५ मध्ये. वडिलांनी तारीख आधीच लिहून ठेवली होती.

आता त्या ओळीखाली माझी पहिली नोंद आहे. तारीख, अंतर आणि पुढे ‘नळ्या बदलल्या’ एवढेच. अंतर मी मैलांत लिहिले.